वहीतली विक्रोळी

मध्यंतरी एका कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी दोन तासांचं सत्र घ्यायला बोलावलं. विषय त्यांनीच ठरवला होता, ‘विचार बदला, आयुष्य बदला’. अट एकच. ‘मॅडम, गृहपाठ वगैरे नको, लोक कंटाळतात.’ फोन ठेवला तरी राग जाईना. अल्बर्ट एलिसने 1955मध्ये न्यूयॉर्कमध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीला सत्तर वर्षं होऊन गेली, आणि तिच्यातलं जे माणसाला खरोखर बरं करायचं, तेच आज कुणाला नकोय.

एलिसच्या आधीची वर्षं मी भरभर उलटते. पाव्हलॉवची कुत्री, स्किनरची कबुतरं आम्ही परीक्षेपुरती घोकली. मनात राहिला तो पीटर. सशाला घाबरणारा हा लहानगा खात असताना मेरी कव्हर जोन्सने ससा रोज थोडा थोडा जवळ आणला, आणि शेवटी पोरगा सशाला कुरवाळू लागला. हे 1924चं. त्याला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. पुढे जोसेफ वोल्पेने 1958च्या पुस्तकात हीच वाट पद्धतशीर आखून दिली.

एलिस आणि फिलाडेल्फियाचे आरन बेक यांनी विचारांना मध्यभागी आणलं. एलिस म्हणायचा, घटना तुम्हाला छळत नाही, घटनेबद्दलचा तुमचा हट्ट छळतो. बेक नैराश्यातल्या माणसाला मनात आपसूक उमटणारे विचार कागदावर उतरवायला सांगत आणि पुरावा मागत. पण दोघांनीही माणसाला खुर्चीतून उठवून बाहेर धाडलं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. एकोणिसाव्या वर्षी एलिस मुलींशी बोलायला घाबरायचा, तेव्हा ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन तो शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलला. एकच भेटायला कबूल झाली आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. नंतर तो रुग्णांना केळ्याला दोरी बांधून रस्त्यावरून फिरायला लावायचा, किंवा गाडीत स्टेशनांची नावं ओरडायला सांगायचा.

आमच्याकडे हे वारं खऱ्या अर्थाने नव्वदच्या दशकात खेळलं. मुंबईत कि. मो. फडके आधीपासून एलिसच्या संपर्कात राहून ही पद्धत शिकवत होते. ठाण्यात 1990मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी राहिली. आम्ही नवशिके गटागटाने बसायचो. प्रत्येकाकडे शंभर पानी वही, आणि गृहपाठ आधी स्वतःवर, मग दुसऱ्याला.

त्या काळात माझ्याकडे बँकेतला एक तरुण कारकून यायचा. चारचौघांत तोंड उघडलं की लोक हसतील, या धास्तीने तो बढतीची मुलाखत टाळत होता. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्याने सांगायचं, असं ठरलं. जाण्यापूर्वी त्याने वहीत लिहिलं, ‘लोक हसतील, कुणीतरी खेकसेल, मला सहन होणार नाही. खात्री नव्वद टक्के.’ आल्यावर खाली लिहिलं, ‘मुलुंडला दोघांनी वळून पाहिलं. भांडुपला एक आजोबा म्हणाले, बरं झालं सांगितलंस. कांजुरला आवाज चिरकला. कुणी हसलं नाही. खात्री चाळीस.’ मला मात्र तो निकाल पुरेसा वाटेना. लोक हसत नाहीत, एवढ्या शोधावर माणूस उभा राहत नाही. हसले तरी आपण मोडत नाही, हे अंगाला कळावं लागतं. म्हणून पुन्हा पाठवला, पुन्हा पाठवला. एकदाची कॉलेजची पोरं खो खो हसली. वहीत त्या दिवशी एवढंच होतं, ‘हसले. विक्रोळी सांगितलं.’

त्याच दशकात एका मोठ्या रुग्णालयातले वरिष्ठ या कामाला ‘गप्पा’ म्हणायचे आणि आम्हाला कॉरिडॉरमधल्या बाकावर बसवायचे. जाणारी-येणारी माणसं पाहत असताना लोकांनी आम्हाला आपली दुःखं सांगायची! तो अपमान रुग्णांचा होता. व्याख्यान संपलं की कुणीतरी उठून सांगायचंच, हे सगळं मनाच्या श्लोकांत आहे. असेलही, पण तेवढं बोलून ते निश्चिंत घरी जायचे, वही कोरीच. आणि ज्यांनी याला ‘सकारात्मक विचार’ करून विकलं, त्यांनी सगळ्यात जास्त नुकसान केलं. ‘सगळं छान होईल’ असं एलिस कधीच सांगत नव्हता. वाईटही होईल आणि तरी जगता येईल, ही त्याची शिकवण होती.

खुद्द एलिसच्याही वाट्याला अपमान आला. त्याने उभारलेल्या संस्थेच्या मंडळाने 2005मध्ये नव्वदी ओलांडलेल्या या माणसाला पदावरून दूर केलं, त्याची शुक्रवारची जाहीर सत्रं बंद केली. तो कोर्टात गेला आणि पुढच्या जानेवारीत न्यायाधीशांनी त्याला मंडळावर परत घ्यायला लावलं. 2007मध्ये तो गेला. बेक 2021मध्ये गेले, शंभरी पूर्ण करून.

आता माझ्याकडे येणाऱ्या मुलींना विचारांतल्या चुकांची सगळी नावं पाठ असतात. फोनमध्ये चॅटबॉटशी झालेलं बोलणं असतं. ‘मी कॅटॅस्ट्रॉफाइझ करते’, म्हणजे साध्या गोष्टीचं संकट करते, असं त्या अचूक सांगतात. सहा महिने ज्या भावाशी अबोला आहे, त्याला फोन मात्र केलेला नसतो. करून बघ म्हटलं की पुढची अपॉइंटमेंट रद्द होते. मला राग त्यांचा येत नाही. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सवर समुपदेशक होणाऱ्यांना कुणी एकदाही गाडीत स्टेशनांची नावं ओरडायला लावत नाही. मग समोरच्याला ते कुठल्या तोंडाने सांगणार?