व्हिडिओ गेममधील स्त्री : कर्ता की कर्म?

१९९२-९३ च्या सुमारास आमच्या विलेपार्ल्याच्या चाळीत पहिला व्हिडिओ गेम आला. टी.व्ही.ला जोडायचे ते यंत्र शेजारच्या काकांनी मुलासाठी घेतले होते. शाळा सुटली की आम्ही सारी मुले त्यांच्या दारात रांग लावीत असू. माझी धाकटी बहीणही रांगेत उभी राहायची, पण तिची पाळी आली की कोणीतरी म्हणायचे, "तू बघ नुसती, तुला जमायचं नाही." ती मुकाट्याने बघत बसे. एकदा मात्र तिने विचारले, "ती राजकन्या स्वतः का पळून येत नाही?" आम्ही सारे हसलो. उत्तर कोणीच दिले नाही.

आज तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, कॉलेजात शिकते आणि मोबाईलवर उत्तम खेळते. मात्र खेळताना ती मुलाचे नाव घेते आणि माईक बंद ठेवते. आवाज ऐकून मुलगी आहे हे कळताच अनोळखी खेळाडू घाणेरडे बोलू लागतात, असा तिचा अनुभव आहे. आईला खेळू दिले नाही आणि लेकीला लपून खेळावे लागते. म्हणून हा विषय नुसत्या करमणुकीचा नाही, तर विद्यार्थ्यांनी व पालकांनी विचार करण्याजोगा आहे, असे मला वाटते.

खेळ म्हणजे क्रिया

शाळेत आपण व्याकरण शिकलो. क्रिया करणारा तो कर्ता आणि ज्याच्यावर क्रिया घडते ते कर्म. व्हिडिओ गेम समजून घ्यायला हा धडा फार उपयोगी पडतो. सिनेमात आपण नुसते पाहतो. आपण डोळे मिटले तरी चित्रपट पुढे सरकतो. गेममध्ये तसे नसते. बटण दाबल्याशिवाय काहीच घडत नाही. उडी मारणे, धावणे, लढणे, सोडवणे ही सारी क्रियापदे खेळणाऱ्याच्या बोटांत असतात, आणि तो ती एकदा नव्हे, शेकडो वेळा करतो. म्हणून कोणत्याही गेमला पहिला प्रश्न हा विचारावा की, यात कर्ता कोण आणि कर्म कोण?

कर्म झालेली स्त्री

१९८१ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीचा 'डाँकी काँग' हा गेम आला. शिगेरू मियामोतो यांनी तो रचला होता. एक दांडगा वानर तरुणीला पळवून उंचावर नेऊन ठेवतो आणि एक सुतार शिड्या चढत, गडगडत येणारी पिंपे चुकवत तिच्यापर्यंत पोहोचतो. त्या तरुणीला आरंभी धड नावही नव्हते, ती नुसती 'लेडी' होती. 'पॉलीन' हे नाव मागाहून मिळाले. तिला एकच काम होते : मदतीसाठी हात हलवणे.

असे का झाले? त्या काळच्या यंत्रांची स्मरणशक्ती अगदी तोकडी होती. नाणे टाकून खेळणाऱ्याला काय करायचे ते काही क्षणांत कळायला हवे होते. संकटातील सुंदर तरुणी दाखवली की अधिक सांगावे लागत नसे. पुढे यंत्रे हजारो पटींनी सुधारली, पण ही युक्ती तशीच राहिली. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आठ जगे आहेत. पहिल्या सात जगांच्या शेवटी किल्ला जिंकावा, तर तेथे भलताच कोणी भेटतो आणि राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात असल्याचे सांगतो. म्हणजे ती बक्षीस आहे आणि बक्षीस शेवटीच मिळायचे. माझ्या बहिणीने विचारले होते ते याच राजकन्येविषयी.

याहून वाईट उदाहरणही नमूद केले पाहिजे. १९८२ साली अमेरिकेत 'कस्टर्स रिव्हेंज' नावाचा गेम विक्रीस आला. त्यात बांधून ठेवलेल्या मूलनिवासी स्त्रीवर गोऱ्या सेनाधिकाऱ्याने अत्याचार करणे हेच खेळाडूचे लक्ष्य होते. स्त्री-संघटना आणि मूलनिवासी संघटना या दोहोंनी त्याविरुद्ध निदर्शने केली. स्त्री असणे आणि दबलेल्या समाजातील असणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की अपमान कसा दुप्पट होतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

कर्ता झाली, तरी...

स्त्री कर्ता झालीच नाही असे नव्हे. पण तिच्या मार्गात अटी घातल्या गेल्या. 'पॅक-मॅन' हा नुसता पिवळा गोळा. तो पुरुष आहे हे दाखवायला काहीच लागत नाही. १९८२ च्या 'मिस पॅक-मॅन'मध्ये मात्र त्याच गोळ्याला रिबीन आणि लाल ओठ लावावे लागले. पुरुष म्हणजे माणूस आणि स्त्री म्हणजे माणूस अधिक रिबीन, असा तो हिशेब होता.

१९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये चिलखत घातलेला शूर योद्धा शेवटी स्त्री निघतो. ही कल्पना खरोखर धाडसी होती. परंतु खेळ जितका लवकर संपवावा तितके तिचे कपडे कमी झालेले दिसत. शूर स्त्री पुन्हा बक्षीसच ठरली. १९९६ च्या 'टूम्ब रेडर'मधील लारा क्रॉफ्ट हुशार, धीट आणि स्वावलंबी होती, पण तिचा देह पाहणाऱ्यांच्या नजरेसाठी रेखाटला होता. २०१३ च्या नव्या आवृत्तीत तो बराचसा साध्या माणसासारखा झाला. २००५ साली मारिओच्या राजकन्येलाच नायिका करून एक गेम निघाला. त्यात तिची शक्ती कोणती? रडणे, रागावणे, आनंदणे! मारिओला मात्र कधी रडून पूल ओलांडावा लागला नाही.

स्त्रियांना हे क्षेत्र जमत नाही म्हणून असे झाले, हा समज खोटा आहे. रॉबर्टा विल्यम्स यांनी १९८० साली 'मिस्टरी हाऊस' रचला. कॅरोल शॉ यांचा १९८२ चा 'रिव्हर रेड' अतिशय गाजला. पण निर्णयाच्या जागी पुरुषच अधिक राहिले, आणि ज्याच्या हाती लेखणी त्याच्या मनातील स्त्री पडद्यावर आली. त्याविषयी बोलणेही सोपे नव्हते. अनिता सार्कीशियन यांनी २०१३ पासून या विषयावर अभ्यासपूर्ण चित्रफिती काढल्या. त्यांना धमक्या आल्या, आणि २०१४ साली गोळीबाराच्या धमकीमुळे अमेरिकेतील युटा येथील विद्यापीठात त्यांचे व्याख्यान रद्द करावे लागले.

आपल्याकडील प्रयत्न

चांगली उदाहरणे आपल्या जवळचीच आहेत. मुंबईच्या शादी डॉट कॉम या विवाह जुळवणाऱ्या कंपनीने २०१२ च्या सुमारास 'अँग्री ब्राइड्स' हा छोटा खेळ काढला. त्यात अनेक हातांची वधू हुंडा मागणाऱ्या नवरदेवांवर वस्तू फेकते. खेळ साधाच, पण 'फेकणे' हे क्रियापद वधूच्या हाती आले.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' २०२० साली प्रसिद्ध झाला. कंपनीच्या संस्थापकांत श्रुती घोष या कलावंत स्त्रीचा समावेश आहे. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडले नाही. या कथेत पळवला जातो तो भाऊ, गोलू. आणि त्याला सोडवायला निघते ती बहीण, राजी. ती कसरती करणारी मुलगी आहे, म्हणून भिंतीवर धावणे, खांबावर चढणे हे तिच्या कष्टाच्या कामातूनच आलेले कौशल्य ठरते. कथेची पार्श्वभूमी पौराणिक आहे. ती कोणाला रुचो वा न रुचो, बहीण कर्ता आणि भाऊ कर्म ही मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. त्या वर्षीच्या 'द गेम अॅवॉर्ड्स'मध्ये नव्या स्वतंत्र निर्मात्यांच्या विभागात या खेळाला नामांकन मिळाले.

खेळाडूंमध्येही मुली पुढे येत आहेत. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील पायल धारे आज देशभर ओळखल्या जातात. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातील सात नामवंत गेमर्सची भेट घेतली, त्यांत त्या एकट्याच स्त्री होत्या. सातांत एक, हे कौतुकाचे आहे आणि विचार करायला लावणारेही आहे.

कायदा काय सांगतो?

स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा आपल्याकडे १९८६ पासून आहे. परंतु तो जाहिराती, पुस्तके, चित्रे अशा छापील जगासाठी लिहिलेला आहे. त्याची व्याप्ती इलेक्ट्रॉनिक माध्यमांपर्यंत नेणारे विधेयक २०१२ साली राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा मुख्यतः पैसे लावून खेळण्याविषयी आहे. चित्रणाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

खेळताना मुलीला कोणी अश्लील बोलले तर मात्र कायदा मुका नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ नुसार शब्दाने वा हावभावाने स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बोलण्याचा पुरावा जपून ठेवावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करावी.

आपण काय करावे?

मुलांच्या हातून मोबाईल हिसकावून घेणे हा उपाय नव्हे. त्यांच्या शेजारी बसून तीन प्रश्न विचारावेत. या खेळात स्त्री काही करते की तिच्यावर केले जाते? तिचा पोशाख तिच्या कामाला साजेसा आहे का? आणि घरात खेळायला कोण बसले आहे व ताटकळत कोण उभे आहे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचे उत्तर जपान-अमेरिकेतील कंपन्यांच्या हाती नसून आपल्याच हाती आहे. विद्यार्थिनींनी खेळावे तर खरेच, पण संगणक शिकून खेळ रचायलाही शिकावे. विद्यार्थी मित्रांनी मैत्रिणीचा अपमान होताना गप्प राहू नये.

अमेरिकेतील गेम-निर्माते माइक मिका यांच्या तीन वर्षांच्या मुलीने 'डाँकी काँग' खेळताना वडिलांना विचारले, मला मुलगी होऊन मारिओला सोडवता येईल का? वडील हसले नाहीत. २०१३ साली त्यांनी रात्र जागून त्या गेममध्ये बदल केला आणि पॉलीन शिड्या चढू लागली. माझ्या बहिणीनेही असाच प्रश्न वीस वर्षे आधी पार्ल्याच्या चाळीत विचारला होता, आणि आम्ही हसलो होतो. आपल्या घरातील मुलगी असे काही विचारील तेव्हा निदान आपण हसू नये, आणि पुढची पाळी तिला द्यावी, एवढीच अपेक्षा.