परसातल्या घराची परवानगी: कॅलिफोर्नियातली चार दशकं

स्वतःच्या बंगल्यामागे दोन खोल्यांचं स्वतंत्र घर बांधून ते भाड्यानं देण्याची वाट कॅलिफोर्नियात 1982 साली कायद्यानं मोकळी झाली. अशी घरं मोठ्या संख्येनं उभी राहू लागली ती मात्र 2017 नंतर. मधल्या पस्तीस वर्षांत राज्यात घरांची टंचाई नव्हती असं नाही, बांधायला तयार मालकही होते. गाडं अडलं होतं ते नगरपालिकेच्या खिडकीवर.

या अडवणुकीचं मूळ जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या वस्त्यांत मागच्या अंगणातली छोटी घरं सर्रास असत. म्हातारी आई, नव्यानं संसार मांडलेला मुलगा किंवा भाडेकरू तिथे राही. दुसरीकडे झोनिंगचा जमानाही सुरू झाला होता. बर्कली शहरानं 1916 मध्येच एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर अशी वर्गवारी नियमात आणली. 1926 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ओहायो राज्यातल्या युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंग घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला आणि त्याच निकालात बंगल्यांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटना चक्क बांडगूळ ठरवलं. महायुद्धानंतर उपनगरं वाढली तशी ही विचारसरणीही पसरली. प्लॉट मोठा, घर एक, गाड्या दोन. ज्याला एवढं परवडत नाही, त्याला त्या वस्तीत जागा नाही. गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना दूर ठेवण्याचं काम या नियमांनी कोणाचंही नाव न घेता केलं.

1982 च्या कायद्यानं शहरांना सांगितलं की ‘दुसऱ्या घरा’साठी स्वतःची नियमावली करा, नाहीतर राज्याचे निकष लागू होतील. सरसकट बंदी घालायची तर तशी कारणं नोंदवावी लागणार होती. कागदावर हे मोठं पाऊल होतं. शहरांनी बंदी न घालताच बंदीचं काम साधलं. अर्ज आला की शेजाऱ्यांना नोटिसा जायच्या, जाहीर सुनावणी व्हायची, नियोजन आयोगासमोर मालकाला उभं राहावं लागायचं. रस्त्यावर गाड्या वाढतील, वस्तीचा तोंडवळा बदलेल, भाडेकरू कसले येतील कोण जाणे, ही ठरलेली वाक्यं. आयोगाच्या सदस्यांना निवडून दिलेल्या नगरसेवकांनी नेमलेलं, आणि नगरसेवकांना निवडून देणारे हेच शेजारी. ज्याच्यासाठी ते घर बांधलं जाणार होतं तो भाडेकरू त्या सभागृहात नसायचाच.

काही शहरांनी तर मागच्या घरात कोणी राहावं हेही ठरवून टाकलं. सँटा मोनिकानं अशी घरं फक्त मालकावर अवलंबून असलेल्यांसाठी किंवा त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी राखून ठेवली. 2001 मध्ये अपील न्यायालयानं हा नियम राज्यघटनेनं दिलेल्या खासगीपणाच्या आणि समानतेच्या हक्कांविरुद्ध ठरवून रद्द केला. पुढच्याच वर्षी विधिमंडळानं सुनावणीवर घाव घातला. 2003 च्या जुलैपासून अशा अर्जांवर जाहीर सुनावणी घेता येणार नाही, नियमात बसतं की नाही एवढंच तपासून निर्णय द्यायचा, असं ठरलं. त्याच सुमारास सँटा क्रूझ शहरानं तयार नमुना-नकाशे आणि मालकांसाठी मार्गदर्शिका काढून आपणहून हात पुढे केला.

पण सँटा क्रूझ अपवाद होतं. सुनावणी गेली तरी नियम ठरवण्याची लेखणी शहरांच्याच हातात होती. प्लॉट इतक्या हजार चौरस फुटांचा हवा, छप्पर असलेलं जादा पार्किंग हवं, मालकानं तिथेच राहायला हवं, पाणी आणि मलनिस्सारणाच्या नव्या जोडणीचं शुल्क भरायला हवं. प्रत्येक अट सुटी घेतली तर वाजवी वाटावी अशी. सगळ्या एकत्र घातल्या की शहरातल्या बहुतेक प्लॉटांवर काहीच बसत नसे. परिणामी लोक बांधत राहिले, पण बिनपरवाना. गॅरेजमध्ये मोरी आणि ओटा काढून दिलेल्या खोल्यांत हजारो कुटुंबं राहत होती, आगीची वा विजेच्या वायरिंगची कसलीही तपासणी न होता. 2016 च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये तर एका रहिवासी गटानं दाखल केलेल्या खटल्यात न्यायालयानं महापालिकेची परवाने देण्याची पद्धतच बेकायदा ठरवली. शेकडो मालकांची कामं अर्धवट लटकली.

त्याच वर्षी वारं फिरलं. भाडी पगाराच्या आवाक्याबाहेर गेली होती आणि शिक्षक, परिचारिका रोज दोन-दोन तास गाडी हाकत कामावर येत होत्या. सिनेटर बॉब विकाउस्की आणि असेंब्ली सदस्य रिचर्ड ब्लूम यांनी मांडलेल्या दोन विधेयकांवर गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सप्टेंबर 2016 मध्ये सही केली. बस-रेल्वेच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत पार्किंगची अट गेली, जोडणी शुल्कांना लगाम बसला, निर्णयाला 120 दिवसांची मुदत आली. शहराचा नियम राज्याच्या कायद्याशी विसंगत असेल तर तो आपोआप निष्प्रभ, हे कलम सर्वांत धारदार होतं. लॉस एंजेलिसमध्ये 2016 साली जेमतेम 80 अर्ज होते, 2017 मध्ये ते सुमारे 2,000 झाले.

2019 मध्ये विकाउस्की, ब्लूम आणि फिल टिंग यांच्या विधेयकांनी उरलेल्या फटी बुजवल्या. 1 जानेवारी 2020 पासून किमान प्लॉटची अट संपली. बाजूचं आणि मागचं सामासिक अंतर चार फुटांवर आलं. 800 चौरस फुटांचं, 16 फूट उंचीचं घर या अंतरात बसत असेल तर चटई क्षेत्राचं कारण सांगून शहराला ते नाकारता येईना. 750 चौरस फुटांखालच्या घराला विकास शुल्क माफ झालं. मुदत 60 दिवसांवर आली आणि त्या काळात निर्णय न दिल्यास परवानगी मिळाल्याचं धरायचं ठरलं. मालकानं त्याच आवारात राहण्याची सक्ती आधी पाच वर्षांसाठी उठली, 2023 च्या कायद्यानं ती कायमची गेली. 2016 साली राज्यभरात हजार-दीड हजारांच्या घरात असलेले परवाने 2022 पर्यंत वर्षाला वीस हजारांच्या वर गेले. दर पाच नव्या घरांमागे साधारण एक घर आता कोणाच्या तरी परसात उभं राहतं.

विकाउस्की यांच्या मतदारसंघात फ्रीमाँट होतं, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवं. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे या पट्ट्यात मराठी कुटुंबं दोन पिढ्यांपासून आहेत आणि आई-बाबांना कुठे ठेवायचं हा त्यांच्यातला नेहमीचा प्रश्न. वरच्या मजल्यावरची खोली गुडघ्यांना झेपत नाही आणि वेगळं अपार्टमेंट मनाला पटत नाही. जिना न चढता राहता येईल, स्वतःचा चहा स्वतः करता येईल अशी मागची जागा त्यांच्या सोयीची. मूळ घराच्या भिंतीतच 500 चौरस फुटांपर्यंत छोटं बिऱ्हाड वेगळं काढण्याची मुभाही 2016 च्याच आणखी एका कायद्यानं आली. 1978 च्या ‘प्रपोझिशन 13’मुळे परसात घर बांधलं तरी जुन्या घराचं करमूल्यांकन तसंच राहतं, फक्त नव्या बांधकामाची भर पडते. यामुळे जुन्या मालकांना हिंमत झाली.

एवढं झाल्यावर ही घरं स्वस्त आहेत का? मागोव्यातला हा भाग कमी सुखाचा आहे. बर्कली विद्यापीठातल्या टर्नर सेंटरनं 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बांधकामाचा मध्यम खर्च दीड लाख डॉलरच्या आसपास निघाला, आणि त्यानंतर दर चढतच गेले. बँका भावी भाडं धरून कर्ज द्यायला कचरतात, म्हणून ज्याच्या जुन्या घराची किंमत भरपूर वाढली आहे तोच बांधू शकतो. नकाशे, माती परीक्षण, शुल्क यांसाठी राज्यानं मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या मालकांना 40,000 डॉलरपर्यंत अनुदान दिलं, पण तो निधी भराभर संपला. भाड्यावर राज्याच्या कायद्यानं कसलंही बंधन घातलेलं नाही. घर लहान म्हणून भाडं थोडं कमी आणि आत नातेवाईक असतील तर नाममात्र, एवढीच काय ती स्वस्ताई.

परवडणं हीच परवानगीची अट करून पाहण्याचे प्रयोगही झाले. मॅसॅच्युसेट्समधल्या बार्नस्टेबल गावानं 2000 साली बिनपरवाना जोडघरांना अभय दिलं. मालकानं भाडं मर्यादित ठेवावं, भाडेकरूचं उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या 80 टक्क्यांपर्यंतच असावं आणि तसा बोजा खरेदीखतावर चढवावा, असा सौदा होता. तो प्रामाणिक होता, पण घरं मोजकीच मिळाली. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यानंच 2024 च्या कायद्यानं 900 चौरस फुटांपर्यंतचं जोडघर मालकाचा हक्क ठरवलं, भाड्याची अट न घालता. सॅन दिएगोनं उलटी चाल खेळली: ठरावीक वर्षं भाडं मर्यादित ठेवणारं एक घर बांधा, बाजारभावाचं एक जादा घर बांधायची मुभा घ्या. वाहतूक मार्गांजवळ त्याला कमाल मर्यादाच नव्हती. विकासक एकेका प्लॉटवर डझनांनी घरांचे नकाशे घेऊन आले, रहिवासी खवळले आणि 2025 मध्ये शहराला हात आखडता घ्यावा लागला.

साठ दिवसांत उत्तर नाही तर परवानगी मिळाली असं समजा, ही तरतूद आपल्याला परकी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 45 मध्ये ती आहेच. फरक पडतो तो बाकीच्या व्यवस्थेनं. कॅलिफोर्नियातही मुदत सुरू होते ती परिपूर्ण अर्जापासून. त्यामुळे एकेक त्रुटी काढत अर्ज फिरवत ठेवण्याची सोय तिथेही होती. 2022 च्या दुरुस्तीनं अर्ज नाकारताना सगळ्या त्रुटी आणि त्यांवरचे उपाय एकदमच लेखी देण्याची सक्ती झाली. 2025 पासून प्रत्येक शहराला पूर्वमंजूर नकाशांची सोय ठेवावी लागते. 2020 पूर्वीची बिनपरवाना घरं नियमित करण्याचा मार्गही सोपा झाला.

चार दशकांचा हिशेब असा: अधिकाऱ्याची मर्जी आणि शेजाऱ्याची हरकत यांच्या जागी फूट, इंच आणि दिवस आले तेव्हा घरं उभी राहिली. घर देण्याचा हेतू 1982 मध्येही लिहिलेला होता, पण अटी ठरवण्याचा अधिकार ज्यांना ते घर नको होतं त्यांच्याकडे राहिला आणि तो हेतू वाया गेला. मात्र परवानगी सोपी केल्यानं घर मिळतं, स्वस्त घर मिळतंच असं नाही. त्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसे घालावे लागतात, आणि ते काम कॅलिफोर्नियानं अजून नीट हाती घेतलेलं नाही.