घरासाठी कर्ज : कोणी, कोठून आणि किती घ्यावे?

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा. त्यांपैकी निवारा आज सर्वांत महाग झाला आहे. हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या भागांत जमिनीचे भाव वाढले आणि कर्जाशिवाय घर घेणे सर्वसामान्यांना अशक्य झाले. परंतु एकाला सोयीचे कर्ज दुसऱ्याला सोयीचे असेलच असे नाही. आपण कोणत्या गटात बसतो, हे आधी पाहावे.

१) कायम नोकरदार : सरकारी नोकरांनी आपल्या खात्याकडून घरबांधणी अग्रिम मिळतो का, हे प्रथम पाहावे. इतरांनी बँकेचे बदलत्या व्याजदराचे कर्ज घ्यावे. ते मुदतीपूर्वी फेडल्यास दंड लागत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते. उरलेले पैसे आणि मुद्रांक शुल्क यांची तजवीज आपणच करावी लागते. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

२) रिक्षा, टेम्पो, दुकान चालविणारे व कंत्राटी कामगार : यांच्याकडे पगारपत्रक नसते किंवा नोकरीची शाश्वती नसते. म्हणून दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे व बँकेतील नियमित व्यवहार तयार ठेवावेत. गृहवित्त कंपन्या कमी कागदपत्रांवर कर्ज देतात, पण व्याज बहुधा जास्त घेतात. पतसंस्थेचे कर्ज काढताना जामीनदारही तितकाच बांधला जातो, हे विसरू नये.

३) गावात घर बांधणारे : कच्चे घर असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांनी कर्जापूर्वी रमाई आवास योजनेची चौकशी ग्रामपंचायतीत किंवा पौड येथील पंचायत समितीत करावी. हे अनुदान आहे, ते फेडावे लागत नाही.

४) वतनाची जमीन असणारे : १९५८ च्या कायद्याने महार वतने संपली आणि जमिनी शर्तीवर परत मिळाल्या. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना ती जमीन विकता येत नाही. म्हणून बँका ती तारण घेण्यास सहसा तयार होत नाहीत. अशा वेळी पैशाच्या निकडीने दलालाच्या मुखत्यारपत्रावर सही करू नये. आधी पौडच्या तहसील कार्यालयात विचारावे. पूर्वजांची जमीन एका सहीने हातची जाऊ शकते.

आता मुदतीचा हिशेब पाहू. १० लाख रुपये ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९,००० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ११ लाख ६० हजार रुपये होते. तेच कर्ज १५ वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे १०,१४० आणि व्याज सुमारे ८ लाख २६ हजार रुपये होते. म्हणजे दरमहा साडेअकराशे रुपये जादा भरल्याने सव्वातीन लाखांहून अधिक वाचतात. मात्र हप्ता भरून घरखर्च, मुलांचे शिक्षण व आजारपण निभावेल एवढेच कर्ज काढावे.

सदनिका घेताना महारेरा नोंदणी पाहावी. एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट घेताना तो बिगरशेती आहे का आणि सातबारावर आपले नाव स्वतंत्र लागेल का, याची खात्री करावी. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळावीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

बंधू-भगिनींनो, सही करण्यापूर्वी कागद वाचा आणि समजला नाही तर जाणकाराकडून वाचून घ्या. घर आपले व्हावे, पण आयुष्य सावकाराचे होऊ नये.