आधी झाड उपटून पाहा, मग पंप उचला

ऑगस्टमध्ये चिखलीकडून मेहकरकडे जाताना हिरव्यागार सोयाबीनमध्ये मधूनच पिवळे पट्टे दिसू लागतात. धुऱ्यावरूनच निदान होतं : "यलो मोझॅक आला." संध्याकाळपर्यंत कृषी केंद्रातून बुरशीनाशक, कीटकनाशक आणि टॉनिक घरी येतं, तिन्ही एकाच पंपात ओतलं जातं आणि आठ दिवसांनी पीक पिवळं ते पिवळंच. पैसा गेला, मजुरी गेली, आणि रोग काय होता ते कळलंच नाही. बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीन, कपाशी, तूर, हरभरा ही पोट भरणारी पिकं. त्यांच्या दुखण्याबद्दल इतके गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालावेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पिवळ्या पानापासूनच सुरुवात करू. पीक वीस-पंचवीस दिवसांचं असताना शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर तो मोझॅक नाही, लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. पाणी साचलं की आणखीच अवघड होतं. साचलेलं पाणी काढून वापसा येऊ द्या आणि 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन फवारा, नवी पानं हिरवी निघतात. मोझॅकमध्ये पिवळेपणाला शिरांची शिस्त नसते. पानभर गर्द पिवळे आणि हिरवे डाग एकमेकांत मिसळलेले असतात, आणि सुरुवातीला अशी झाडं वावरात एक इथं, एक तिथं अशी विखुरलेली सापडतात.

मोझॅक हा विषाणूचा रोग आहे. त्यावर बुरशीनाशकाचा काडीइतका उपयोग नाही, कारण ती बुरशीच नाही. रोगट झाड पुन्हा हिरवं करणारं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही. विषाणू नेते ती पांढरी माशी; पान उलटून पाहिलं की दिसते, झाडाला धक्का दिला की भुर्रकन उडते. म्हणून पहिली पिवळी झाडं दिसताच उपटून वावराबाहेर गाडायची, पिवळे चिकट सापळे लावायचे आणि गरज असेल तरच माशीसाठी शिफारशीचं कीटकनाशक घ्यायचं. आपल्याकडे वर्षानुवर्षं लाडकं असलेलं जेएस 335 हे वाण या रोगाला लवकर बळी पडतं, हेही बियाणं घेताना विसरू नये.

दुसरा समज मुळांबद्दलचा. "पावसानं मूळ कुजलं" हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. पाणी साचून मूळ कुजतं, यात शंका नाही. पण शेंगा भरताना पावसाने पंधरा दिवस दडी मारली, ऊन तापलं आणि झाडं उभी वाळली, पानं मात्र गळाली नाहीत, तर झाड उपटा. मुळाजवळची साल नखाने खरवडा. आत कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले, तर ती मॅक्रोफोमिना बुरशीची कोळशी मूळकूज. ती ओलीपेक्षा कोरड आणि उष्णतेत जास्त बोकाळते. अशा झाडावर वरून केलेली फवारणी मुळापर्यंत पोचत नाही. त्यावर उपाय पेरणीच्या आधीचा : बीजप्रक्रिया, दाट पेरणी टाळणं आणि खंड पडला तर जमत असेल तिथे एक संरक्षित पाणी.

तूर आणि हरभऱ्याची मर हे यापेक्षा जुनं दुखणं. तुरीवर मर आणणाऱ्या फ्युजेरियम उडम या बुरशीला ते नाव 1910 मध्ये बटलर या शास्त्रज्ञाने दिलं. झाड सुकायला लागलं की लोक पाणी देतात, कारण ते तहानलेलं दिसतं. खोड मधोमध उभं चिरून पाहा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर पाणी नेणाऱ्या नळ्याच बुरशीने बुजवल्या आहेत. वरून कितीही पाणी दिलं तरी ते शेंड्याला पोचणार नाही. मरीची बुरशी, तुरीची असो की हरभऱ्याची, पीक निघाल्यावरही अनेक वर्षं जमिनीत टिकून राहते, म्हणून त्याच वावरात दरवर्षी तुरीवर तूर किंवा हरभऱ्यावर हरभरा घेणं म्हणजे तिला पोसणंच आहे. पूर्वी आपल्या बापजाद्यांनी ज्वारीत तूर पेरली. ज्वारीच्या सोबतीने तुरीची मर कमी होते, हे पुढे प्रयोगांतही दिसलं. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, आणि ते संरक्षणही गेलं. फेरपालट, मर प्रतिकारक वाण आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा हे तिन्ही मिळूनच इथे काम करतात.

तुरीत एखादं झाड इतरांपेक्षा फिकट हिरवं, झुडपासारखं वाढतं आणि त्याला फुलंच येत नाहीत. "उशिरा लागेल" म्हणून लोक ते मायेने राखतात. तो वांझ रोग. डोळ्यांना न दिसणारी कोळी कीड त्याचा विषाणू शेजारच्या झाडांवर नेते. ते झाड आधी काढा.

पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, लाल्या हा बहुतेक वेळा रोगच नसतो. बोंडं भरताना नत्र-मॅग्नेशियम कमी पडलं, रात्री गारठल्या की पानं लाल होतात. कडा खाली वळून लाल झाल्या असतील तर मात्र तुडतुडे शोधा. लांबलेल्या खंडानंतर जोराचा पाऊस पडून काही तासांत झाड मान टाकतं, ती आकस्मिक मर. खोड चिरा, रेघ दिसत नाही, कारण तिथे बुरशीच नाही.

संग्रामपूर-जळगाव जामोद पट्ट्यात संत्र्याची पानं काजळी धरतात, ती कोळशी. काळं दिसतं म्हणून बुरशीनाशक मारलं जातं. खरी गुन्हेगार असते पानाखाली बसलेली काळी माशी. तिची पिल्लं गोड चिकट रस सोडतात, त्यावर ती काळी बुरशी वाढते. पिल्लं आवरली नाहीत तर धुतलेलं पान पुन्हा काळं होतं. अंगणातल्या जास्वंदीवरचा पांढरा कापूसही बुरशी नव्हे, पिठ्या ढेकूण आहे, आणि खोडावर चढणाऱ्या मुंग्या त्याच्या गोड रसासाठी येतात.

शंका आली तर मोबाइलवरच्या फोटोवर भागवू नका. एक आजारी आणि एक निरोगी झाड मुळासकट, मातीसह पिशवीत घ्या आणि बुलडाणा किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पेरणीची तारीख, वाणाचं नाव आणि आतापर्यंत काय फवारलं, हे कागदावर लिहून सोबत न्या.