पहिला आकडा कुणी विचारत नाही

भाच्यासाठी मागवलेली लेन्स माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर दोन दिवस पडून होती. मोबाइलवर पार्सलचा माग काढला की एकच शब्द यायचा, 'भिवंडी'. ऑनलाइन खरेदी करणाऱ्या पुण्या-नाशिकच्या लोकांना आमचं गाव आता याच शब्दाने माहीत आहे. माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे या गावांची भातशेती मागे हटली आणि पत्र्यांची गोदामं उभी राहिली. पण मी तर भिवंडीतच राहतो! तरी तिसऱ्या दिवशी पार्सल आमच्या गावातून बाहेर पडलं, कुठल्याशा केंद्रात जाऊन आलं आणि मग माझ्या दारात पोचलं. कंपनीचं नाव घेत नाही. काखेत कळसा, दुसरं काय.

भाच्याकडे सोनीचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आहे, सोबत आलेली १६-५० मिमीची चपटी लेन्स आहे. वर्षभर ती वापरून त्याचं मन भरलं होतं. "मामा, सगळं एकातच होईल अशी लेन्स सांग. लांबचं पण आलं पाहिजे." लेन्स घ्यायला निघालेला प्रत्येक जण हेच म्हणतो. दुकानातला पोरगाही तेच ओळखून बोलतो: ही दोनशेपर्यंत जाते, ही तीनशेपर्यंत, ही चारशेपर्यंत. घर घेताना गच्ची किती मोठी ते विचारावं आणि दारातून कपाट आत जाईल का ते विचारूच नये, तसला हा प्रकार. पहिला आकडा कुणी विचारत नाही.

मी त्याला म्हटलं, आधी तुझे वर्षभराचे फोटो लॅपटॉपवर उघड. प्रत्येक फोटोच्या पोटात तो किती मिलिमीटरवर काढला, छिद्र किती होतं, शटर किती होता, सगळी नोंद असते. त्याच्या निम्म्याहून जास्त फोटोंसमोर १६ लिहिलेलं होतं. म्हणजे लेन्स उघडते तितकी उघडून साहेबांनी फोटो काढले होते. दुसरा मोठा ढीग ५० वर होता आणि त्यातले बरेच फोटो नंतर कापून मोठे केलेले. मधल्या आकड्यांवर तुरळक. याचा अर्थ त्याला लांबचं हवं आहे हे खरंच, पण जवळचं त्याहून जास्त हवं आहे. आणि तो जी लेन्स घ्यायला निघाला होता ती १८ पासून सुरू होत होती.

दोन मिलिमीटरने काय बिघडतं? लांबच्या टोकाला काहीच बिघडत नाही. २९८ आणि ३०० यांत फरक दाखवून दिलात तर मी चहा पाजेन. रुंद टोकाला मात्र त्याच दोन मिलिमीटरचं मोल वेगळं. त्याच्या सेन्सरवर १८ मिमीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ७६ अंश दिसतं, १६ ला ८३. चौकटीत मावणारं क्षेत्र सुमारे सव्वापट होतं. फुल फ्रेमवर, म्हणजे त्याहून मोठ्या सेन्सरवर, हाच खेळ २८ आणि २४ यांच्यात चालतो. तिथे तर २४ ला एक तृतीयांशाहून जास्त क्षेत्र वाढतं. वरून आणखी एक गोष्ट. लांबचा पक्षी लहान आला तर फोटो कापून तो मोठा करता येतो, थोडा दर्जा जाईल इतकंच. पण चौकटीबाहेर राहिलेली मावशी कापून आत आणता येत नाही.

मावशीचं उदाहरण उगाच दिलेलं नाही. आमच्या तालुक्यातल्या वज्रेश्वरीला गेलात तर कळेल. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला आणि १७३९ साली वसई हाती आल्यावर इथे मंदिर बांधलं गेलं, असं सांगतात. प्रवेशद्वार एखाद्या किल्ल्याच्या तोंडासारखं, वर नगारखाना आणि वर चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. आमचं चौदा जणांचं लटांबर त्या पायऱ्यांवर बसवलं आणि भाचा खाली उभा राहिला. मागे सरकावं तर नारळ-ओटीवाल्यांची गर्दी, थांबावं तर दर्शन घेऊन उतरणारे लोक खोळंबलेले. ५० मिमीला चार जण मावले. ३५ ला आठ. १६ ला सगळे आले, शिवाय वरची कमानही. भारतीय सहलीतले फोटो असेच असतात: मागे भिंत, पुढे माणसं आणि सरकायला जागा नाही. चाळीतली खोली, गणपतीचं मखर, अरुंद गॅलरी. यांतल्या कशालाही ४०० मिमी लागत नाही.

एका नळीत इतकं सगळं बसवायचं हे मुळात अवघड काम आहे. आत भिंगांचे गट असतात आणि झूमची कडी फिरवली की ते वळणदार खाचांमधून ठरल्या अंतराने पुढेमागे सरकतात. रुंद टोकाला सरळ रेषा फुगीर होतात, लांब टोकाला त्याच आत दबतात. एकीकडची चूक दुरुस्त करावी तर दुसरीकडे नवी उगवते. आखूड पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात तसं. सिनेमाच्या नव्हे तर फोटोच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ साली जर्मनीच्या फोइग्टलेंडरने आणली, झूमार नावाची. ती ३६ ते ८२, म्हणजे जेमतेम सव्वादोन पट, आणि तेवढ्याचंही तेव्हा नवल होतं. १९९२ साली टॅमरॉनने २८-२०० आणली आणि हौशी प्रवाशांच्या गळ्यात एकच लेन्स लटकू लागली. २०१७ साली त्याच कंपनीची १८-४०० आली, बावीस पटींची. २०२४ साली निकॉनने फुल फ्रेमसाठी २८-४०० काढली. पूर्वी भिंगांनीच सरळ कराव्या लागणाऱ्या रेषा आता बऱ्याचशा कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर सरळ करतं. कॅननची आरएफ २४-२४० रुंद टोकाला मूळ चित्र चांगलंच वाकडं आणि कोपऱ्यांत काळं देते, पण कॅमेरा ते आपल्या नजरेला पडूच देत नाही. काही जाणकार याला फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. खिशातला मोबाइल रोज हेच करतो.

'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण अशा लेन्सना लावली जाते. भिवंडीकराला चिंध्यांचं वाईट वाटत नाही, इथे चिंध्यांचाही व्यापार चालतो. पण म्हणीत तथ्य आहे आणि ते उजेड कमी झाला की समोर येतं. यातल्या बहुतेक लेन्स रुंद टोकाला एफ/३.५ किंवा एफ/४ असतात आणि लांब टोकाला एफ/६.३ च्या आसपास. एफ/३.५ वरून एफ/६.३ वर गेलात की आत येणारा प्रकाश एक तृतीयांशाहून कमी उरतो. निकॉनची २८-४०० तर लांब टोकाला एफ/८ वर जाते. भर उन्हात हरकत नाही. पावसाळी संध्याकाळी तानसाच्या काठावर खंड्या टिपायला जाल तर फोटो दाणेदार येतील. म्हणून निकॉन फुल फ्रेमवाल्यांना मी २४-२०० च सांगतो. पहिला आकडा २४, वजन ५७० ग्रॅम. २८-४०० चं ७२५.

उजेडाची खरी परीक्षा आमच्याकडे लूमच्या कारखान्यात होते. भाच्याला तिथले फोटो हवे होते, म्हणून ओळखीच्या एका शेटला विचारून आत गेलो. दोन मागांच्या मधे एक माणूस आडवा चालेल इतकीच वाट, वर ट्यूबलाइट आणि कान बधिर करणारा खडखडाट. कारागीर एका हाताने तुटलेला ताण्याचा धागा ओवत होता आणि दुसऱ्या मागाची कांडी संपत आली आहे हे न बघता ओळखत होता. धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाचा त्या टोकाला जातो. इथे अरुंद वाटेमुळे १६ मिमी कामाला आली, पण धोटा काही सापडेना. लेन्समध्ये कंपन रोखायची सोय असली तरी ती आपल्या हाताचं कंपन रोखते, समोरच्याचं नाही. लोखंडी सांगाडा लख्ख आला, धोट्याच्या जागी एक पांढरी रेघ आणि कारागिराची बोटं धुरासारखी. शटर वाढवला तर फोटोत आडवे काळे पट्टे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि जुन्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० वर ठेवला की पट्टे जातात, पण धोटा काही थांबत नाही.

मग मी पिशवीतून ५० मिमी एफ/१.८ काढली, बोटभर लांबीची, स्वस्तातली. एफ/५.६ च्या तुलनेत ती नऊ पटींहून जास्त उजेड आत घेते. खिडकीजवळच्या मागावर, जिथे दिवसाचा उजेड येत होता, तिथे शटर वाढवता आला आणि धोटा हवेत थांबलेला मिळाला, मागे बाण्याचा धागा ताणलेला. म्हणून माझं मत असं: सगळं एकात असलेली लेन्स जरूर घ्या, पण तिच्या पैशांतून एका छोट्या उजेडाच्या लेन्सचे पैसे बाजूला काढा.

त्याच कारखान्यात लेन्स बदलण्याची किंमतही कळली. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, शर्टावर, भुवयांवर बसतात. मी लेन्स काढून दुसरी लावेपर्यंत दहा सेकंद गेले असतील. घरी आल्यावर आभाळाच्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात एक करडा किडा वळवळताना दिसला. छिद्र लहान केलं की तो आणखी ठसठशीत. सेन्सरवरचा तो धागा ब्लोअरने उडाला, नशीब. एका लेन्सचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे आणि जाहिरातीत तो कधी येत नाही. माळशेजच्या धुक्यात, कोकणच्या पुळणीवर, लोनाडच्या लेण्याकडे जाणाऱ्या मातीच्या वाटेवर कॅमेऱ्याचं तोंड उघडावंच लागत नाही. अर्थात झूम करताना नळी लांब होते तेव्हा तीही हवा आत ओढते. म्हणून धूळ आणि शिंतोडे रोखणारी रबरी कडी आहे का ते बघावं. फुजीची १८-१३५ आणि टॅमरॉनची २८-२०० यांना तशी सोय आहे, कॅननच्या आरएफ २४-२४० ला नाही.

कुणी काय घ्यावं हे कॅमेऱ्याचा माउंट, म्हणजे लेन्स बसण्याची जागा, अर्धं ठरवून टाकतो. कॅननच्या क्रॉप कॅमेऱ्यावर आरएफ-एस १८-१५० ही जेमतेम ३१० ग्रॅमची लेन्स मला आवडते. पाच तास गळ्यात असली तरी मान कुरकुरत नाही. निकॉनवाल्यांना तशीच १८-१४०, सोनीवाल्यांना १८-१३५. घरातलं लग्न, देवदर्शन, बागेतली मुलं यांपलीकडे ज्याला जायचं नाही त्याने इथेच थांबावं. पक्षी, किल्ल्यावरून दिसणारा समोरचा डोंगर, कुस्तीचा फड यांची ओढ असेल तर सोनी आणि फुजीसाठी टॅमरॉनची १८-३०० आहे. ती रुंद टोकाला १५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, म्हणजे फुलपाखरूही घ्या. आणि २०२५ साली सिग्माची १६-३०० आली, सोनी, फुजी, कॅनन आरएफ आणि एल माउंटसाठी. वजन सहाशे ग्रॅमच्या वर, लांब टोकाला एफ/६.७. पण सुरुवात १६ पासून.

सेकंड हॅण्डचा विचार असेल तर मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात एक चक्कर मारावी. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड लेन्सच्या मागून पाडून पुढून बघावं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, दुकानदार धूळ म्हणेल तरी विश्वास ठेवू नका. मग लेन्स जमिनीकडे तोंड करून धरावी. आपोआप घरंगळत लांब झाली तर समजावं की ती बरीच फिरलेली आहे. झूमची कडी मधेच अडखळते का, तेही बघावं. नवी घ्याल तर बिलावर आणि वॉरंटी कार्डावर भारतातल्या वितरकाचं नाव असू द्या. दोन हजार वाचवून पुढे दुरुस्तीला दारोदार फिरणारे मी पाहिले आहेत.

बुरशीचं भय मात्र नव्या लेन्सलाही चुकत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले चामडी पट्टे हिरवे होतात, तिथे भिंगाची काय कथा. चामडी किंवा कापडी पिशवीत लेन्स पावसाळाभर ठेवणं म्हणजे बुरशीला जेवायला बोलावणं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ, एवढ्यात भागतं. काटा चाळीस ते पन्नासमध्ये राहू द्यावा. पुड्या ओलावल्या की काहींचा रंग बदलतो, मग तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापराव्यात. आमच्या घरी हा डबा लोणच्याच्या बरणीशेजारी असतो. गेल्या वर्षी बायकोने एक पुडी चुकून मिठाच्या डब्यात टाकली होती, मीठ काही ओलं झालं नाही.

भाच्याने शेवटी सिग्माची १६-३०० घेतली. तो ३०० साठी खूश, मी १६ साठी. पार्सल फोडल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं, तर गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसलेल्या घारीवर तीनशे लावला. घार मस्त आली, डोळ्यातली चमकसुद्धा. रविवारी ताईचा फोन आला, म्हणाली, अरे, वज्रेश्वरीचा फोटो मोठा करून दे, हॉलमध्ये लावायचाय, पण त्यात तू दिसत नाहीस. मी पायऱ्यांवर नव्हतोच. भाच्याच्या मागे उभा राहून ओटीवाल्या बाईची टोपली धरून होतो, कारण फोटोसाठी ती बाजूला सरकली होती.