शंभर वर्षांचं पुस्तक, एच-इंडेक्स एक

१९२५ साली यवतमाळच्या शारदाश्रमाने एक पुस्तक काढलं: यशवंत खुशाल देशपांडे यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’. महानुभावांवर नेटाने लिहिणाऱ्यांच्या संदर्भसूचीत ते आजही भेटतं. हे पुस्तक आजच्या संशोधन मोजणाऱ्या पट्ट्यांवर ठेवून बघू या. मोठी गंमत आहे!

एच-इंडेक्स ही पट्टी कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५मध्ये दिली. तुमच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा ठिकाणी संदर्भ आला, की इंडेक्स दहा. आणि जन्मभर खपून एकच ग्रंथ लिहिला, हजार जणांनी त्याचा आधार घेतला तर? इंडेक्स एक!

इम्पॅक्ट फॅक्टर असतो नियतकालिकाचा. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढंच तो बघतो. यवतमाळच्या पुस्तकाला हाच हिशोब लावला तर १९२७नंतर खातं बंद. मराठीतला जाड ग्रंथ नीट वाचून व्हायलाच दोन वर्षं लागतात हो!

संदर्भ मोजण्याची कल्पना आली मात्र वकिलांकडून. कुठल्या जुन्या निकालाचा दाखला पुढे कुठे दिला गेला, याची सूची अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून होती. तीच पाहून युजीन गारफिल्ड यांनी १९६४मध्ये विज्ञानाची सूची छापली.

आता आपल्या प्राध्यापकांकडे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला ५ वाढीव गुण, दहाच्या वर फॅक्टर असेल तर ३०. मराठी, इतिहास, लोकसाहित्य शिकवणाऱ्याने एवढा फॅक्टर आणायचा कुठून? मला हा सरळ अन्याय वाटतो. त्याच वर्षी पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी यूजीसीची मान्य यादी तपासली. विद्यापीठांनी सुचवलेली जी नियतकालिकं त्यांनी पडताळली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची निघाली.

जगात सर्वाधिक संदर्भ मिळालेला निबंध १९५१चा: प्रथिनं मोजायची लाउरी यांची पद्धत. संदर्भ तीन लाखांवर! आणि निबंधावरच्या लेखकाच्या नावाचं म्हणाल, तर १९७५मध्ये अमेरिकेतल्या एका भौतिकशास्त्राच्या निबंधाचा सहलेखक होता चेस्टर नावाचा बोका. नाव छापलं एफ. डी. सी. विलार्ड.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या गणितातल्या ६१७४ या गमतीदार संख्येचं कौतुक जगभर पोचलं ते १९७५मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा. त्याआधी बरीच वर्षं ते स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापत होते. मासिकातलं सदर किती पोचलं, हे कुठल्या इंडेक्सात बसवायचं?

महानुभावांवरचं एखादं जाडजूड पुस्तक हाती आलं, तर आधी शेवटची पानं उघडा. ‘द’पाशी थांबा. तिथे देशपांडे असतील, आणि बहुधा पुढे छापलेलं असेल: यवतमाळ, १९२५.