स्वयंपाकघरांतील इंधनाची काटकसर

गॅसची टाकी महागली कीं घरांत सर्वांच्या तोंडीं तीच गोष्ट असते. पण तिची झळ बहुधा एकट्या आईसच लागते. 2022 सालीं घरगुती टाकीचा भाव हजार रुपयांपलीकडे गेला, तेव्हां शिरूर व दौंड तालुक्यांत आमच्या पाहण्यांतील कांहीं घरांत विझलेल्या चुली पुनः पेटल्या. टाकी जपावी म्हणून माउली धुरांत बसली, आणि सरपणाच्या मोळीपायीं एखाद्या मुलीची शाळा बुडाली. ही काटकसर नव्हे. पैशांचा खर्च काढून तो डोळे व फुप्फुसें यांच्या खातीं मांडणें, एवढेंच यांत घडतें. धुरावांचून काटकसर कशी साधेल, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, हा या लेखाचा हेतु आहे.

टाकीचा भाव शिरूरच्या बाजारांत ठरत नाहीं. आपल्या देशास लागणाऱ्या या गॅसापैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून जहाजांनीं आणावा लागतो, व तो आजवर बहुतांशीं आखाती देशांतून येत आला आहे. तिकडे भाव चढला कीं इकडे टाकी महागते. त्यावर आपला इलाज चालत नाहीं. शेगडीचें बटण मात्र आपल्या हातीं असतें.

तें केव्हां फिरवावें, हें समजण्यास पाण्याचा एक धर्म लक्षांत घ्यावा. समुद्रसपाटीस पाणी 100 अंशांवर उकळतें. आपला प्रदेश उंचावर असल्यामुळें येथें तें सुमारें 98 अंशांवरच उकळूं लागतें. एकदां उकळी फुटली म्हणजे खालीं कितीही जाळ केला तरी उघड्या भांड्यांतील पाणी त्याहून अधिक तापत नाहीं. वाफ तेवढी अधिक होते. आतां हिशेब पाहा. 20 अंशांचें एक लिटर पाणी 100 अंशांपर्यंत नेण्यास 80 किलोकॅलरी उष्णता पुरते; परंतु त्या सर्व पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारें 540 किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ सातपट! तेव्हां डाळ खळखळ उकळत ठेवल्यानें ती लवकर शिजत नाहीं. विकत घेतलेला गॅस वाफेबरोबर बाहेर जातो, इतकेंच. म्हणून पाणी मोजून घालावें, भांड्यावर झाकण ठेवावें, व उकळी येतांच आंच मंद करावी.

ज्या वडीलधाऱ्या मंडळींनीं दौंड स्टेशनांत वाफेचीं इंजिनें पाहिलीं आहेत, त्यांस कोंडलेल्या वाफेचें बळ सांगावयास नको. प्रेशर कुकरांत तीच युक्ति आहे. वाफ कोंडल्यामुळें आंतील पाणी सुमारें 120 अंशांपर्यंत तापतें व डाळ थोडक्या वेळांत शिजते. डाळ आधीं भिजवून ठेवावी. भात, वरण व बटाटे यांचे डबे एकावर एक रचून एकाच आंचेवर शिजवावे. आणि पहिली शिटी झाली कीं आंच उतरवावी.

आपल्या आजीबाईंस हें शास्त्र पुस्तकावांचून अवगत होतें. चुलीवर भाकरी होई, आणि तिच्याच उरल्या जाळावर बाजूच्या वैलावर कालवण शिजे. शेगडीस वैल नाहीं. तथापि उष्णता राखण्याचा दुसरा उपाय आहे. भाताचें पातेलें पांच मिनिटें उकळून, झाकणासह जाड कापडांत गुंडाळून पेंढा भरलेल्या खोक्यांत ठेवावें व वर गोधडी घालावी. सुमारें तासाभरांत भात आपोआप शिजतो. तो गरम असतांनाच खावा. कोमट होऊन पडूं देऊं नये. भाकरीस मात्र चांगली आंच हवी; तेथें हात आंखडला तर भाकरी वातड होते.

शेगडीची ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसूं लागली व भांडीं काळीं पडूं लागलीं, तर बर्नरचीं छिद्रें साफ करावीं. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊं देऊं नये. अंघोळीचें पाणी उन्हांत ठेवल्यास त्याचा निम्मा भार सूर्यच उचलतो.

आपल्या भोंवतीं इंधनही थोडें नाहीं. दौंडकडे ऊस तुटल्यावर पुष्कळ पाचट शेतांतच जाळून टाकतात. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनें डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखालीं पाचटाचा कोळसा करण्याची रीत बसविली. तिजबद्दल संस्थेस 2002 सालीं इंग्लंडांतील ॲश्डेन पारितोषिक मिळालें. पुढें खरकट्यापासून घरगुती गॅस करण्याच्या लहान संयंत्राबद्दल 2006 सालीं तेंच पारितोषिक पुनः मिळालें.

विद्यार्थ्यांनो, आतां एक काम तुमच्याकडे. घरगुती टाकींत 14.2 किलो गॅस असतो. नवी टाकी जोडली कीं तारीख भिंतीवरील कॅलेंडरावर लिहा, व ती किती दिवस पुरली तें मोजा. पुढील टाकीस वरील नियम पाळून पुनः मोजा. चार दिवस जरी वाढले, तरी तो आंकडा प्रथम आईस दाखवा. आणि टाकी संपली म्हणून ती धुरांत बसूं लागेल, तर तिला बसूं देऊं नका.